रोजनाम्यातील एक ओळ

भोकरदन हे गाव सांची आणि भारहूत येथील स्तूपांच्या दानलेखांत ‘भोगवर्धन’ या नावाने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नोंदले गेले, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाला कितीही हर्षाची वाटत असली, तरी त्याच तालुक्यातील हसनाबादच्या कास्तकाराला भोकरदन म्हटले की आठवते ती ‘पेशी’. पुण्यामुंबईकडे ज्याला तारीख म्हणतात त्याला आमच्या मराठवाड्यात अजून पेशीच म्हणतात. निजामी राजवट जाऊन तीन पिढ्या उलटल्या, न्यायालयाच्या कागदांची उर्दू जाऊन मराठी आली, १ एप्रिल १९५१ पासून हैदराबादचा स्वतंत्र दिवाणी कायदा मागे पडून १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता इकडे लागू झाली, जालना जिल्हा १९८१ साली औरंगाबादेपासून वेगळा निघाला. परंतु या सगळ्या उलथापालथीत पेशी हा शब्द काही जागचा हलला नाही.

या पेशीला जो चुकला त्याचे पुढे काय व्हावे, या प्रश्नावर हसनाबादेतील दोन वृद्ध गृहस्थ गेली कित्येक वर्षे एकमेकांशी भांडत आले आहेत, आणि गेल्या श्रावणाच्या अखेरीस, पोळा चार दिवसांवर आला असता, एका सायंकाळी ते भांडण समक्ष ऐकण्याचा योग मला आला. दोघांपैकी एक दिवाणी न्यायालयाचे निवृत्त शिरस्तेदार. जिल्ह्यातील निरनिराळ्या कचेऱ्यांत उभे आयुष्य घालवल्यामुळे त्यांच्या बोलण्याला दप्तराची शिस्त आणि किंचित दप्तराची धूळही आहे. दुसरे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, ज्यांच्याकडे पीकविम्याच्या तक्रारीपासून सोयरिकीच्या पत्रापर्यंत सर्व काही लिहून घ्यावयास अर्धे गाव येते. घरे समोरासमोर, मध्ये बोळ. भांडण बहुधा शिरस्तेदारांच्या ओट्यावर होते, कारण तेथे विजेचा दिवा अधिक भरवशाचा आहे.

त्या दिवशी गुरुजी आले ते तापलेलेच.

“शिरस्तेदारसाहेब, आमच्या गल्लीतल्या एका बाईचा दावा तुमच्या कोर्टाने मारला. नवरा वाटणीसाठी भावांशी भांडत होता. तो वारला. तेरा दिवस सुतकाचे गेले, पुढे पेरणी आली, आणि वर्षश्राद्धाच्या आत ती बाई उंबऱ्याबाहेर पडली नाही, हे तुम्हीही पाहिले आहे. आज तिचा मुलगा वकिलाकडे गेला, तर उत्तर काय मिळाले? नव्वद दिवसांत वारसांची नावे लावली नाहीत, सबब दावा आपोआप संपला. न्यायाधीशाला हुकूमसुद्धा लिहावा लागला नाही! नवऱ्यापाठोपाठ दावाही सरणावर गेला, आणि तुमचा कायदा पुन्हा हात झटकून मोकळा.”

शिरस्तेदारांनी चष्मा पुसला. घाईने उत्तर देणे हा त्यांच्या मते अशिलाचा दोष असतो.

“गुरुजी, तो दावा मेलेला नाही, निपचित पडला आहे. नव्वद दिवस गेल्यानंतर आणखी साठ दिवसांत तो पुन्हा उभा करण्याचा अर्ज देता येतो. तेही उलटले, तर मुदत अधिनियमाचे पाचवे कलम आहे, विलंब का झाला ते सांगून माफी मागता येते. पक्षकार वारल्याची खबर न्यायालयाला द्यावी, हे कर्तव्य १९७६ च्या दुरुस्तीने वकिलावर घातले आहे. पण मला सांगा, वकिलाला तरी कोणी कळवले? गाव सगळे मयतीला होते, दहाव्याला होते, तेराव्याच्या जेवणाला होते. त्यातल्या एकानेही भोकरदनला जाऊन ‘आमचा वादी वारला’ एवढे चार शब्द सांगितले नाहीत. त्या दाव्यातले दीर मात्र दर पेशीला हजर होते. त्यांनी आणखी किती वर्षे पाटीखाली बसून राहावे, अशी तुमची अपेक्षा आहे?”

“दिरांची कणव तुम्हांला येते!”

“कणव नव्हे. दाव्याला दोन बाजू असतात, आणि त्यातली एक बाजू बहुधा दाराशी उभी असते, एवढेच माझे म्हणणे. लोक न आलेल्याची गोष्ट सांगतात. आलेल्याची गोष्ट कोणी सांगत नाही.”

येथे, वाचकाच्या सोयीसाठी, पेशीला न येणे ही घटना प्रत्यक्षात कशी घडते ते सांगणे भाग आहे, कारण ज्याने ती पाहिली नाही त्याला ती नाटकातल्यासारखी गंभीर वाटते, आणि ती तशी मुळीच नसते. शिरस्तेदारांनी ती मला ओट्यावर बसल्या बसल्या करून दाखवली. पट्टेवाला दालनाच्या दाराशी येतो, बोर्डावरच्या क्रमाने वादी-प्रतिवादींची नावे व्हरांड्याकडे तोंड करून पुकारतो. कोणी पुढे झाले नाही तर पुन्हा पुकारतो. समंजस न्यायाधीश असेल तर प्रकरण दुपारपर्यंत बाजूला ठेवून तिसऱ्यांदा पुकारावयास लावतो. बाहेर चहाच्या टपरीवर, झेरॉक्सच्या दुकानात, लिंबाच्या झाडाखाली तो आवाज कधी पोहोचतो, कधी पोहोचत नाही. मग आत रोजनाम्यावर एक ओळ उमटते: ‘वादी व त्यांचे वकील वारंवार पुकारूनही गैरहजर.’ त्या ओळीत गैरहजेरी असते. गैरहजेरीचे कारण नसते. एस.टी. वाटेत बंद पडली, पोरीला झटके आले, तारखेचा आकडा तीन होता की आठ हे वहीवर नीट उमटले नव्हते, यातले काही तेथे शिरू शकत नाही, कारण ते सांगणारा मनुष्यच तेथे नसतो.

“आणि या एका ओळीच्या पोटातून निघणारे परिणाम सारखे नाहीत,” शिरस्तेदार म्हणाले. आता ते रंगात आले होते. “दोन्ही बाजू न आल्या, तर दावा काढून टाकतात, पण वादीला मुदतीत असेल तर नवा दावा लावता येतो. प्रतिवादी आला आणि वादीच आला नाही, तर मात्र दावा काढल्यावर त्याच कारणासाठी नवा दावा कायमचा बंद. तीस दिवसांत येऊन सबळ कारण दाखवावे आणि जुनाच दावा पुन्हा बोर्डावर आणावा, एवढीच वाट उरते. वादी आला आणि प्रतिवादी आला नाही, तर समन्स नीट बजावले असल्यास प्रकरण एकतर्फी चालते. एकतर्फी याचा अर्थ वादी मागेल ते द्यावे असा नाही बरे का, गुरुजी! वादीने शपथेवर पुरावा द्यावाच लागतो. कैफियत आली नाही एवढ्यावरून डोळे मिटून हुकूमनामा करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली बलराज तनेजा प्रकरणात बजावले आहे.”

“बजावले आहे, म्हणजे त्याआधी डोळे मिटून होत होते.”

“होत असतील,” शिरस्तेदारांनी शांतपणे कबूल केले. त्यांच्या स्वभावाचा हा एक विलक्षण गुण मला त्या सायंकाळी दिसला, की प्रतिपक्षाला उपयोगी पडेल असा निवाडाही ते स्वतःच्या पोतडीतून काढून त्याच्या हाती देत; दप्तरदाराला कागद दडवणे हे पाप वाटते, मग तो कोणाच्याही बाजूचा असो.

गुरुजींचा खरा राग निराळ्याच ठिकाणी होता, आणि तो आता बाहेर आला.

“मला तुमचे कलम नको, साहेब. मला तुमचा बेलीफ दाखवा. दिवाळी झाली की आपल्या पट्ट्यातली माणसे उचल घेऊन ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून एक कोयता. जाताना लहान पोरे बरोबर, घराला कुलूप. ती परततात चैत्रात. मधल्या काळात तुमचा बेलीफ समन्स घेऊन येतो, कुलूप बघतो, दोन पंचांच्या सह्या घेतो, खळीने कागद दारावर डकवतो आणि अहवाल लिहितो की बजावणी झाली. कोणावर बजावणी झाली? दारावर! त्या दाराला वाचता येते का? आणि कैफियत द्यायची मुदत तीस दिवस, फार तर नव्वद. ती त्या दारावर कागद लागल्या दिवसापासून धावू लागते. हा कायदा ज्याच्यासाठी लिहिला तो मनुष्य बारा महिने एका घरात राहतो, त्याला टपाल मिळते, आणि मिळालेले टपाल त्याला वाचता येते. असा मनुष्य हसनाबादेत कोण? तुम्ही, मी आणि पोस्टमास्तर.”

मला हा मुद्दा बिनतोड वाटला, आणि मी तसे बोलूनही दाखवले. मधे बोलणाऱ्या पक्षकाराकडे न्यायाधीश जसे पाहतात, तसे शिरस्तेदारांनी माझ्याकडे पाहिले.

“कायद्यानेही हे ओळखले नाही असे नाही,” ते म्हणाले. “नव्वद दिवसांची ती मर्यादा २००२ साली आली, तीन वर्षांनी, २००५ मध्ये, कैलाश विरुद्ध नन्हकू या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ती न्यायाधीशाचे हात बांधणारी बेडी नाही, अपवादात्मक कारण असेल तर त्यानंतरही कैफियत घेता येते. व्यापारी दाव्यांना हा दिलासा नाही. तेथे २०१५ च्या कायद्याप्रमाणे एकशेवीस दिवस संपले की दार बंद, मग मोठा कारखानदार असला तरी बाहेर. म्हणजे ज्याला वाचता येते, ज्याच्याकडे टपाल पोहोचते, त्याच्यासाठी कठोर. आणि तुमच्या कोयत्यासाठी मऊ. आणखी काय हवे?”

“तो मऊपणा त्याच्यापर्यंत पोहोचायला हवा.”

“आता ऐका. आपल्या नागपूरचे व्हिव्हियन बोस. पूर्वी ते तिकडे मुख्य न्यायमूर्ती होते. १९५५ साली, संग्रामसिंह विरुद्ध कोटा निवडणूक न्यायाधिकरण या प्रकरणात त्यांनी असे सांगितले, की प्रक्रियेचा कायदा न्याय सुकर करण्यासाठी आहे, माणसाला पायात पाय घालून पाडण्यासाठी नाही. त्यातला पक्षकार पहिल्या दिवशी गैरहजर होता म्हणून एकतर्फी काम सुरू झाले होते. तीन दिवसांनी त्याचा वकील आला, तर त्याला बसू देईनात. बोस म्हणाले, मागे झाले ते झाले, पण आला आहे तेथून पुढे भाग घेण्याचा त्याचा हक्क कोणी काढून घेऊ शकत नाही. एकतर्फी हुकूम ही काही हद्दपारी नव्हे. हे आपल्याकडे वकिलांनासुद्धा ठाऊक नसते. पक्षकार समजतो, एकदा एकतर्फा झाला, आता पाय ठेवला तर हाकलतील, आणि तो घरी बसतो. गुरुजी, चाळीस वर्षांत मी पाहिले ते हे: पेशी चुकली म्हणून बुडालेले लोक थोडे. पेशी चुकल्यावर लाजेने, भीतीने, किंवा ‘बघू पुढच्या हप्त्यात’ म्हणून घरी बसले आणि बुडाले, ते फार.”

हे वाक्य ऐकताना मला माझीच एक जुनी गोष्ट आठवली. एका शहरातील भाड्याच्या जागेच्या तंट्यात माझ्या वकिलाने मला एक तारीख सांगितली आणि बोर्डावर दुसरीच निघाली. मी गेलो तेव्हा तेथील कारकुनाने सौजन्याने सांगितले की तुमचे प्रकरण मागच्या मंगळवारी ‘झाले’. त्यानंतर मी अकरा दिवस काहीच केले नाही. का केले नाही, याचे उत्तर मला आजही देता येणार नाही. वकिलाला दोष देण्यात एक प्रकारचे सुख असते आणि ते सुख उपभोगण्यास अकरा दिवस पुरत नाहीत, एवढेच म्हणता येईल. आता कोणताही मनुष्य सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक मोबाइलमध्ये घालून ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीख स्वतः पाहू शकतो. तेव्हा ती सोय नव्हती, हे खरे. पण ती असती तरी ते अकरा दिवस मी कोठे घालवले असते, याबद्दल मला खात्री नाही.

मी हे सांगताच गुरुजींना आयताच आधार मिळाला. “पाहा! वकिलाची चूक, भोगायची पक्षकाराने!”

“त्यावरही निवाडा आहे, तुमच्या बाजूचा. १९८१, रफिक विरुद्ध मुन्शीलाल. खेड्यातला मनुष्य वकीलपत्र देऊन, फी भरून, विश्वासाने घरी गेला. वकीलच अपिलाच्या दिवशी आला नाही. न्यायमूर्ती देसाईंनी अपील पुन्हा उभे केले आणि खर्च गैरहजर राहिलेल्या वकिलाकडून वसूल करावा असा हुकूम दिला. पण हाच निवाडा बारा वर्षांनी कलकत्त्याच्या एका कंपनीने पुढे केला, तेव्हा न्यायालय म्हणाले की हे खेडवळ, अडाणी पक्षकारासाठी होते. तुम्ही कार्यालये, कारकून आणि मोटारी असलेले लोक, तुम्ही वकिलाच्या आड लपू नका. मी म्हणतो हे योग्यच झाले. माफीसुद्धा माणूस पाहून द्यावी लागते.”

“मग सरकार पाहून कशी देतात?” गुरुजींनी बरोबर वर्मावर बोट ठेवले. “१९८७ चा तो काश्मीरचा निवाडा तुम्हीच मला सांगितला होता, कातिजींचा. सरकारला अपील करायला चार दिवस उशीर झाला, आणि न्यायालयाने उदारतेचे अख्खे तत्त्वज्ञान लिहिले.”

“लिहिले, आणि त्याचा लाभ सरकारपेक्षा तुमच्यासारख्यांना अधिक झाला, आज प्रत्येक विलंब माफीच्या अर्जात तो निवाडा असतो. सरकारचा लाड पुढे आटला. २०१२ साली टपाल खात्याने चारशे सत्तावीस दिवस उशिरा अपील आणले आणि ‘फाइल फिरत होती’ असे कारण दिले. न्यायालयाने ते फेटाळले. दिवसांच्या आकड्यावर जाऊ नका. १९९८ मध्ये बालकृष्णन प्रकरणात आठशे त्र्याऐंशी दिवस माफ झाले, कारण कारण खरे होते. गेल्या काही वर्षांत एका भूसंपादनाच्या प्रकरणात वारसदार पाच हजार सहाशे एकोणसाठ दिवसांनी आले. साडेपंधरा वर्षे! २०२४ मध्ये त्यांना नकार मिळाला. तुम्ही दिला असता का होकार?”

गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले. “जमीन गेली होती त्यांची,” ते म्हणाले.

“गेली होती. आणि जमिनीच्या बाबतीत कायदा किती हळवा होतो तेही सांगतो, नाही तर तुम्ही म्हणाल शिरस्तेदार एकच बाजू वाचतो. धरणात, तलावात जमीन गेली आणि वाढीव मोबदल्यासाठी जुन्या भूसंपादन कायद्यातल्या कलम अठराचा संदर्भ दिवाणी न्यायालयात आला, की शेतकरी पेशीला आला नाही म्हणून तो संदर्भ गैरहजेरीत काढून टाकता येत नाही. असेल त्या कागदांवर निवाडा द्यावाच लागतो. खजान सिंग, २००२. उशिरा आलेल्या शेतकऱ्याला अपील करू दिले, पण उशिराच्या काळाचे व्याज कापले, असाही निवाडा आहे. उशिराची किंमत असते. ती नेहमी जमिनीएवढीच असते असे नाही.”

या ठिकाणी दोघांच्याही लक्षात आले असावे की ते भांडत नाहीत. आणि सवयीला धरून दोघेही अस्वस्थ झाले. गुरुजींनी लगेच नवा मोर्चा उघडला: मुदत मागण्याचा. श्रीमंत प्रतिवादी पेशीला येतो तो पुढची पेशी मागण्यासाठी येतो, त्याला कोण शिक्षा करते? शिरस्तेदारांनी सांगितले की कायद्याप्रमाणे सुनावणीत एका बाजूला तीनपेक्षा जास्त तहकुब्या मिळू नयेत, आणि मुंबई उच्च न्यायालयातील एका दाव्यात कैफियत सुमारे पाच वर्षे उशिरा आली असता, खर्च भरून ती घेण्याचा तेथील हुकूम सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केला. ‘तीन’ हा शब्द उच्चारताना मात्र त्यांचा आवाज थोडा उतरला. ज्याने चाळीस वर्षे रोजनामे लिहिले, त्याला त्या तीनचे काय होते ते ठाऊक असते.

“अंतराचे कोणी बोलत नाही,” गुरुजी पुढे म्हणाले. “१९५६ नंतर कितीतरी वर्षे आमच्या माणसाला अपिलासाठी मुंबई गाठावी लागे. औरंगाबादचे खंडपीठ २७ ऑगस्ट १९८१ ला सुरू झाले तेव्हा कोठे...”

त्यांचे वाक्य तेथेच राहिले. बोळातून एक मनुष्य आला आणि ओट्याच्या पायरीशी उकिडवा बसला. वय पन्नाशीचे, हातात खताची रिकामी पिशवी, तिच्यातून त्याने शिधापत्रिका काढली, सातबारा काढला, आणि मग, चौघडी घातलेले, कोपरे मऊ झालेले एक पत्र. “गुरुजी, एवढं वाचून द्या जी. मालक म्हणत्यात, जमीन त्यांच्या नावानं करून द्या आता.”

गुरुजींनी वाचले आणि त्यांचा चेहरा उतरला. हकीकत आमच्याकडे इतकी सर्रास घडते की ती सांगताना त्या माणसालाही ती विशेष वाटली नाही. लेकीच्या लग्नाला पैसे घेतले. तारण म्हणून सावकाराने इसारपावती लिहून घेतली. पुढे व्याजाचा मेळ बसला नाही. सावकाराने खरेदीखत करून मिळावे म्हणून दावा लावला, त्या वेळी हा गृहस्थ बायकोसह पश्चिमेकडच्या एका साखर कारखान्याच्या टोळीवर होता. दावा एकतर्फी चालला, हुकूमनामा झाला, आणि आता सावकाराच्या वकिलाची नोटीस रजिस्टर टपालाने आली होती की हुकूमनाम्याप्रमाणे खरेदीखत नोंदवून द्या, नाही तर दरखास्त लावून न्यायालयामार्फत करून घेऊ.

गुरुजींचे डोळे पाणावले. त्यांनी त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला. “काळजी करू नका. पोळा होऊन जाऊ द्या. बैलांचा सण आहे, घरी पुरणपोळी होऊ द्या; मग आपण सावकाश भोकरदनला जाऊ, चांगला वकील पाहू.”

“पोळा?” शिरस्तेदार जवळजवळ ओरडले. त्यांनी ते पत्र ओढून घेतले, दिव्याखाली धरले, हुकूमनाम्याची तारीख शोधली आणि अंगठ्याने बोटांची पेरे मोजू लागले. “हुकूमनाम्याचा दिवस सोडून द्या... आज सव्विसावा. पोळ्याच्या दिवशी तिसावा! गुरुजी, तुम्ही या माणसाला मायेने बुडवायला निघालात. हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज तीस दिवसांत द्यायचा असतो. समन्स नीट बजावलेच नव्हते असे ठरले तर मुदत कळल्या दिवसापासून धरतात, पण ते ठरेल तेव्हा ठरेल. तिसाव्याच्या आत गेलो तर विलंबाचा प्रश्नच उठत नाही. नकलेचीही वाट पाहायची नाही, या अर्जाला ती लागत नाही. उद्या पहिल्या गाडीने.”

त्यानंतर मी जे पाहिले ते उलटतपासणीच होते. शिरस्तेदार एक प्रश्न विचारत, गुरुजी कागदावर लिहीत. कोणत्या महिन्यात गेलात? मुकादम कोण, त्याच्या वहीत उचल लिहिली आहे का? कारखान्याची चिठ्ठी, हजेरी, काहीही? घराला कुलूप होते का?

“कुलूप कशाचं जी. म्हातारी होती ना घरी. तिला चालवत नाही म्हनून ठेवून गेलो.”

शिरस्तेदारांची बोटे थांबली. “आई घरात होती? आणि कागद दारावर लावला?”

“व्हय. तिला वाटलं, मतदानाचा कागद हाय. आम्ही आलो तवा नुसती खळ उरलती दाराला.”

“गुरुजी, हे लिहा, ठळक लिहा. घरात सज्ञान माणूस असताना समन्स त्याच्या हाती द्यावे लागते, स्त्री असली तरी. बेलीफाच्या अहवालात ‘घरास कुलूप’ असेल, तर तो अहवाल आईच्या एका प्रतिज्ञापत्राने पडेल. उद्या आधी तो अहवाल पाहायचा. आणि म्हातारीला हे कोणी वाचून दाखवले नव्हते ना? नीट आठवा, बजावणी कच्ची असली तरी तुम्हांला पेशी ठाऊक होती असे दिसले, तर नुसत्या कच्चेपणावर हुकूमनामा रद्द होत नाही.”

“न्हाई जी. कोन वाचनार?”

वकिलाचे काय, असे मी विचारले. उत्पन्नाच्या मर्यादेत बसला, किंवा अनुसूचित जाती-जमातीचा असला, तर तालुका विधी सेवा समितीकडून वकील विनामूल्य मिळतो, आणि तो अर्ज त्याच आवारात द्यायचा असतो, असे शिरस्तेदारांनी मान वर न करता सांगितले. आतून चहा आला. तो कोणी घेतला नाही. गुरुजींनी मसुदा वाचून दाखवला. त्यात ‘अन्यायाने’, ‘निर्दयपणे’ आणि ‘या गरीब लेकराच्या तोंडचा घास’ असे शब्द होते. शिरस्तेदारांनी ते एकेक करून खोडावयास लावले.

“विशेषणे काढा. तेथे तारखा घाला. हुकूमनामा झाल्याचे अर्जदाराला प्रथम केव्हा समजले?”

“नोटीस आली तवाच.”

“केव्हा आली?”

“मागल्या बाजाराच्या आदल्या दिशी.”

“तारीख?”

त्या माणसाने आधी गुरुजींकडे, मग माझ्याकडे पाहिले. पाकीट कोठे आहे असे विचारता ते पोराने पतंगासाठी फाडले असे कळले. शिरस्तेदारांनी एक उसासा टाकला, उठून आत गेले, भिंतीवरचे कालनिर्णय खिळ्यासकट काढून आणले आणि ओट्यावर पसरले; आणि मग दोन्ही म्हाताऱ्यांची डोकी त्या पानावर एकत्र वाकली, कारण त्या बाजारी पाऊस झाला होता की त्याच्या मागच्या, यावर त्यांचे एकमत होईना.